सिंगल ओरिजिन कॉफी घरी का फसते? आधी पाणी बघा

प्रश्न लातूरच्या एका ताईंचा आहे. त्यांनी चिकमगळूरच्या एका मळ्याची सिंगल ओरिजिन कॉफी मागवली, २५० ग्रॅमला ६०० रुपये मोजून. पाकिटावर संत्रं, मध आणि जाईची फुलं असं काहीबाही लिहिलेलं. दाणे मिक्सरमधून काढले आणि चहाच्या पातेल्यात कॉफी केली. बोअरच्या पाण्याने केली तेव्हा सपक आणि मातकट लागली, आरओच्या पाण्याने केली तेव्हा आधी आंबट आणि मागून कडू. दूध-साखर घालून बघितली तर कोपऱ्यावरच्या उडप्याची कॉफी हिच्यापेक्षा बरी. त्या विचारतात, यात खरंच काही असतं, की नुसता थाट? आणि असेल तर आम्हाला का लागत नाही?

ताई, असतं. पण मळ्यातून निघालेली चव तुमच्या कपापर्यंत पोचेस्तोवर वाटेत बरेच जण तिच्यावर हात मारतात: प्रक्रिया करणारा, भाजणारा, कुरिअरवाला, मिक्सर, पाणी, दूध. तुमच्याकडे शेवटच्या तिघांनी मिळून तिचा निकाल लावलाय. मी छत्रपती संभाजीनगरला सिडकोत कॉफी भाजून विकतो. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी वेगळ्या आणि आपल्या भागातल्या वेगळ्या. लातूर, परभणी, बीड, जालना इकडून जे फोन येतात ते बहुतेक शेवटी पाण्यावर येऊन थांबतात. म्हणून पाण्याबद्दल जरा लांबण लावणार आहे.

त्याआधी पाकीट. सिंगल ओरिजिन म्हणजे आतले सगळे दाणे एका ठिकाणचे, बस. ते ठिकाण केवढं मोठं, हे विकणारा ठरवतो. नुसतं ‘इथिओपिया’ लिहिलेलं पाकीटही सिंगल ओरिजिन, ‘चिकमगळूर’ लिहिलेलंही, आणि एका मळ्याच्या एका उतारावरच्या एका तोडणीचंही. यात दर्जाची हमी कुठेच नाही. वाईट कॉफीलाही गाव असतंच. आपल्याकडे ज्वारी घेताना माणूस नुसता भाव विचारत नाही. मालदांडी आहे का, काळ्या रानातली की बरडावरची, यंदाची की गेल्या सालची, हे विचारतो आणि मग दोन दाणे दाताखाली धरून बघतो. कॉफीच्या पाकिटाला हेच विचारायचं: जात कोणती, जागा कोणती, तोडणी कधीची, आणि फळातून दाणा काढला कसा. पाकिटावर यातलं काहीच नसेल आणि नुसतं सोनेरी अक्षरात ‘सिंगल ओरिजिन’ असेल, तर जास्तीचे पैसे त्या सोनेरी शाईचे आहेत असं समजा. आणि ब्लेंड, म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणच्या दाण्यांचं मिश्रण, ही भेसळ नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. बारा महिने एकच चव हवी असते तेव्हा ब्लेंडच करावं लागतं, आणि चांगलं ब्लेंड करणं हे कसबाचं काम आहे.

जागेचं थोडक्यात. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी एकट्या कर्नाटकात होते, त्याखालोखाल केरळ आणि तमिळनाडू. पूर्वेला आंध्रची अराकू दरी आणि तिला लागून ओडिशाचं कोरापूट. कॉफीचे मुख्य प्रकार दोन, अरेबिका आणि रोबस्टा. अरेबिकाला उंची आणि गारवा लागतो, साधारण हजार मीटरच्या वर ती खुलते. रोबस्टा खालच्या उष्ण, दमट भागात तग धरते. तिच्यात कॅफिन जवळपास दुप्पट आणि चव जाड, कडवट. उंचावर फळ सावकाश पिकतं, दाणा घट्ट भरतो आणि त्यात आंबटगोडपणा टिकतो. बाबा बुदनगिरीचे डोंगर त्यासाठी नावाजलेले. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या सुफी संताने यमनहून सात बिया लपवून आणल्या आणि त्या इथे लावल्या, अशी कथा आहे. २०१९ मध्ये कूर्ग, चिकमगळूर, बाबा बुदनगिरी आणि अराकू इथल्या अरेबिकाला आणि वायनाडच्या रोबस्टाला भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रात विचाराल तर चिखलदऱ्याला थोडीफार कॉफी आहे, पण ते विदर्भात. मराठवाड्याच्या रानात कॉफी लावायचं कुणाच्या डोक्यात असेल तर त्याने मोसंबीच लावावी.

जातीच्या रकान्यात तुम्हाला एस ७९५, सिलेक्शन ९, चंद्रगिरी, कावेरी अशी नावं दिसतील. ती रुक्ष वाटतात, पण त्यामागे तांबेरा आहे. गव्हावर येतो तसाच कॉफीच्या पानावरही तांबेरा येतो. १८६९ नंतर त्याने श्रीलंकेतले कॉफीचे मळे असे धुऊन नेले की लोकांनी कॉफी उपटून चहा लावला. कर्नाटकातल्या बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्रात एकामागून एक वाण तयार झाले ते मुख्यतः या रोगाला तोंड देण्यासाठी. एस ७९५ त्यातलाच, आणि भारतीय अरेबिकात आजही सर्रास भेटतो. तुमच्या पाकिटात तोच असण्याची दाट शक्यता आहे. त्याची चव गुळगुळीत, थोडी मसालेदार, आंबटपणा बेताचा.

आता प्रक्रिया. हा भाग लोक वाचत नाहीत आणि चवीतला निम्मा फरक इथूनच येतो. कॉफीचं फळ पिकलं की लाल होतं, बोराएवढं. वर साल, आत बुळबुळीत गोड गर, त्याखाली टरफल आणि टरफलात सपाट बाजू एकमेकींना लावून दोन दाणे. (कधी कधी एकच दाणा भरतो आणि तो गोल होतो, त्याला पीबेरी म्हणतात आणि उगाच महाग विकतात.) हा गर दाण्यापासून कधी सोडवायचा, यावर सगळं अवलंबून. फळ तोडल्यादिवशीच साल काढली, दाणे टाकीत ठेवून गर आंबवला, धुतला आणि मग वाळवलं, तर ती वॉश्ड कॉफी. चव स्वच्छ, मोकळी, आंबटपणा नेमका. फळ आख्खंच उन्हात वाळवलं, रोज हलवत, दोन-तीन आठवडे, तर ती नॅचरल. गर दाण्याभोवतीच सुकतो आणि कपात मनुकेचा, पिकल्या फळाचा वास येतो. साल काढली पण गर तसाच ठेवून वाळवलं तर हनी. त्यात मधाचा थेंबही नसतो. जुन्या दाक्षिणात्य व्यापाऱ्यांच्या भाषेत ‘प्लांटेशन’ म्हणजे वॉश्ड अरेबिका, ‘पार्चमेंट’ म्हणजे वॉश्ड रोबस्टा आणि ‘चेरी’ म्हणजे फळासकट वाळवलेली. पुढे ‘एए’, ‘ए’, ‘बी’ असतं ते दाण्याच्या आकाराचं. एए म्हणजे मोठा दाणा. चवीत पहिला नंबर नव्हे.

हल्ली ‘अ‍ॅनएरोबिक’ची लाट आहे. बंद टाकीत हवा न लागू देता आंबवलेली कॉफी. वास घमघमीत येतो, कधी फणसाचा, कधी चक्क दारूचा. माझं मत विचाराल तर नव्या माणसाने इथून सुरुवात करू नये. टाकीची चव इतकी चढते की मळा कुठला होता हे कळतच नाही, आणि मग एका गावची कॉफी घेण्यात अर्थ काय राहिला? पहिलं वर्षभर वॉश्ड प्या. नॅचरल सणासुदीला.

भाजणीचं एकच लक्षात ठेवा. जितकी गडद भाजणी तितका मळा मागे आणि भट्टी पुढे. दाणा साधारण १९६ अंशांच्या आसपास तडतडतो. त्यानंतर लवकर काढला तर हलकी किंवा मध्यम भाजणी. दुसऱ्यांदा तडतडून तेल सुटेपर्यंत ठेवला तर गडद. तेलाने चमकणारे काळे दाणे कुठल्याही डोंगरावरचे असोत, चव कोळशाकडेच जाते. पाकिटावर भाजल्याची तारीख हवी. नुसती ‘बेस्ट बिफोर’ असेल तर न घेता परत ठेवून द्या. भाजल्यावर दाण्यातून काही दिवस कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, म्हणून आठवडाभराने चव बसते आणि पुढे महिना-दीड महिना चांगली राहते. हे थंड गावचं गणित. एप्रिल-मेमध्ये आपल्या घरात पारा ४० ला टेकलेला असतो आणि कुरिअरच्या गाडीत त्याहून वर. तेव्हा मोठं पाकीट मागवूच नये. आलंच तर घट्ट झाकणाच्या लहान डब्यांत भरून डबे फ्रीझरमध्ये ठेवा, लागेल तो एकच डबा बाहेर काढा आणि तो खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. गॅसच्या ओट्यावरच्या मांडणीत कॉफी ठेवायची नाही.

आता पाणी.

कपभर कॉफीत ९८ टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. आपल्याकडच्या बोअरचं पाणी जड. तूरडाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गीझरची कॉइल दोन वर्षांत पांढरी होते. किटलीत महिनाभर हेच पाणी उकळा आणि आत बोट फिरवा: तळाला खरबरीत पांढरा थर हाताला लागतो, नखाने खरवडला तर खडूसारखी भुकटी निघते. ही भुकटी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. पाण्यात विरघळलेलं असताना ते बायकार्बोनेटच्या रूपात असतं, आणि बायकार्बोनेटचं काम काय, तर आम्ल मारणं. पित्तावर सोडा घेतात त्याच रसायनाचा हा भाऊ. चिकमगळूरच्या त्या मळ्याने डोंगरावर सावलीत सहा-आठ महिने फळ पिकवून जो संत्र्यासारखा आंबटगोडपणा कमावला, तो तुमच्या बोअरने पातेल्यातच मारून टाकला. उरलं काय, तर कडवटपणा आणि मातकट चव. कॉफी सपक लागली ती यामुळे.

आरओने उलटं झालं. आरओ पाण्यातले क्षार जवळपास सगळेच काढतो. दाण्यातली गोडी आणि सुवास ओढून आणायला थोडं कॅल्शियम-मॅग्नेशियम लागतं, तेच नाही. आणि आंबटपणाला आवर घालायला थोडं बायकार्बोनेट लागतं, तेही नाही. म्हणून आंबटपणा उघडा पडला, टोकदार. बाजारातून येणाऱ्या जारच्या पाण्याचंही बहुधा हेच.

कॉफीला मधलं पाणी हवं. जगभरचे कॉफीवाले टीडीएस, म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार (मिलिग्रॅममध्ये), १५० च्या आसपास धरतात, ७५ ते २५० चालतं. टीडीएस मोजायचं पेनासारखं यंत्र काही शे रुपयांत मिळतं. घ्या, पाहुण्यांच्या घरचं पाणी मोजायलाही उपयोगी पडतं. बहुतेक घरगुती आरओंच्या मागे टीडीएस कमी-जास्त करायचा स्क्रू असतो. सर्व्हिसवाला येईल तेव्हा त्याला १२०-१५० वर लावून द्यायला सांगा. तो बहुतेक ३० वर ठेवतो, कारण आकडा कमी दिसला की गिऱ्हाईक खूश होतं. स्क्रू नसेल तर दोन पाणी मिसळा. समजा बोअर ८०० आहे आणि आरओ ३०, तर सहा वाट्या आरओला एक वाटी बोअर घातलं की १४० च्या आसपास येतं. हे अर्थात बोअरचं पाणी तपासून पिण्यालायक ठरलेलं असेल तरच. नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त असलेल्या पाण्याचं कॉफीसाठीही काही करू नका, ते उकळून जात नाही.

आरओ नसेल त्यांच्यासाठी आणखी साधा उपाय. पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा, झाकून थंड होऊ द्या, आणि तळ न ढवळता वरचं पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात घ्या. उकळताना बायकार्बोनेटचा बराचसा भाग कार्बोनेट होऊन तळाला बसतो आणि वरचं पाणी निवळ राहतं. सगळा जडपणा जात नाही, पण कॉफीत फरक कळतो. पाणी मचूळ असेल, म्हणजे चवीलाच खारट, तर मात्र हा उपाय चालत नाही. मीठ उकळून तळाला बसत नाही. महापालिकेचं धरणाचं पाणी बोअरच्या मानाने बरंच हलकं असतं. ते ज्या दिवशी नळाला येईल त्या दिवशी दोन बाटल्या कॉफीसाठी बाजूला काढा. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलेल्या लातूरकरांना पाणी जपून वापरायचं मी काय सांगणार.

अवांतर एक. आमचं हे शहर १६१० मध्ये खडकी म्हणून वसवणारा मलिक अंबर मूळचा इथिओपियाचा. अरेबिका कॉफीचं मायघर तेच. आणि त्याचं नाव इथे आजही निघतं ते त्याने खेळवलेल्या नहरींमुळे, म्हणजे पाण्यामुळेच. त्याचा कॉफीशी संबंध जोडायचा मोह मला दरवेळी होतो. पुरावा काही नाही, तेव्हा जोडत नाही.

मिक्सर. ‘आधी आंबट आणि मागून कडू’ यातला कडू इथून आला. मिक्सरचं पातं दाणा दळत नाही, फोडतं. त्यामुळे एकाच भांड्यात पिठासारखा भुगा आणि कणीसारखे तुकडे दोन्ही निघतात. भुग्यातून गरजेपेक्षा जास्त अर्क निघतो, तो कडू आणि तुरट. तुकड्यांतून कमी निघतो, तो आंबट. पातेल्यात खळखळा उकळल्याने भुग्याला आणखी जोर चढला. हातचक्की घ्यायची असेल तर आत पात्याऐवजी दातेरी चकत्या, म्हणजे बर, असलेली घ्या. पाहिजे तेवढं जाड-बारीक करता येतं. एवढ्यात खर्च नको असेल तर विकणाऱ्याकडूनच दळून मागवा. दळलेली कॉफी लवकर शिळी होते हे खरं, पण मिक्सरने फोडलेल्या ताज्या कॉफीपेक्षा नीट दळलेली आठ दिवसांपूर्वीची कॉफी मला केव्हाही चालेल.

आता चव घ्यायची कशी. यासाठी यंत्र लागत नाही. दोन वेगळ्या कॉफी हव्यात, कारण एकटी कॉफी काही बोलत नाही. शेजारी दुसरी ठेवली की बोलते. पहिली जोडी मुद्दाम लांबच्या टोकांची निवडा: एक बाबा बुदनगिरीची वॉश्ड अरेबिका, दुसरी मॉन्सून्ड मलबार. ही दुसरी गंमतशीर कॉफी आहे. मंगळूरच्या किनाऱ्यावर उघड्या बाजूंच्या गोदामात दाणे पसरून पावसाळाभर त्यांना समुद्राकडचं दमट वारं खाऊ देतात. दाणे फुगतात, पिवळट होतात आणि आंबटपणा जवळजवळ नाहीसा होतो. या दोघींतला फरक कुणालाही कळतो, घरातल्या लेकरांनासुद्धा नुसत्या वासावरून. एकदम जवळच्या दोन मळ्यांची तुलना करायला बसलात तर पहिल्याच दिवशी वाटेल की आपल्या जिभेत काही कमी आहे.

काचेच्या किंवा चिनी मातीच्या दोन वाट्या घ्या. स्टीलची नको, हात आणि ओठ दोन्ही भाजतात. प्रत्येकीत १० ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी, वजनकाट्यावर मोजून. कोरडीच हुंगा. पाणी उकळवा. आपला भाग समुद्रसपाटीपासून पाच-सहाशे मीटर वर आहे, त्यामुळे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. गॅस बंद करून अर्धं मिनिट थांबलात की बरोबर होतं. प्रत्येक वाटीत १८० मिलिलिटर ओता. कॉफी ताजी असेल तर ती फुगून वर येते आणि तिचा तपकिरी थर बसतो. चार मिनिटं हात लावायचा नाही. मग नाक वाटीच्या अगदी काठाशी न्या आणि चमच्याच्या पाठीने तो थर मागे ढकला. त्याखालून जी वाफ येते तिच्यात त्या कॉफीचा सगळ्यात मोठा वास असतो आणि तो दोन-तीन सेकंदच टिकतो. जाई, संत्रं जे काय लिहिलंय ते असलंच तर इथे भेटेल. वर तरंगणारा चोथा आणि फेस दोन चमच्यांनी काढून टाका, आणि आणखी सहा-सात मिनिटं थांबा.

मग चमच्यात घेऊन फुरका मारायचा, जोरात, आवाज करून. बशीतला चहा आपण असाच पितो आणि पाहुण्यांसमोर लाजतो. कॉफी पारखणारे मात्र जगभर असंच पितात. फुरक्याने कॉफी तोंडभर उडते आणि तिचा वास मागून नाकात चढतो. दोन्ही वाट्यांमधून आलटून पालटून घ्या. आणि मुख्य म्हणजे थांबा. आपल्याला चहा कढत लागतो, त्याच सवयीने आपण कॉफीही कढत संपवतो, आणि हलक्या भाजणीची कॉफी खरी खुलते ती कोमट झाल्यावर. गरम असताना फक्त कडू आणि आंबट कळतं. कोमट झाली की गोडी वर येते. पार गार झाली की दोष उघडे पडतात: भाजणी कच्ची राहिली असेल तर हिरवट, गवतासारखी चव, आणि दाणे जुने असतील तर पुठ्ठ्यासारखी.

पाकिटावरच्या शब्दांनी दबून जाऊ नका. ब्लॅककरंट, बर्गमॉट ही फळं त्या लिहिणाऱ्याने तरी खाल्लीत की नाही कुणास ठाऊक. ती चव कुणी आत घातलेली नसते, फक्त आठवण येते, आणि आठवण ज्याने जे खाल्लं त्याचीच येणार. माझ्याकडे येणारे लोक करवंद म्हणतात, जांभूळ म्हणतात, काकवी, भाजके शेंगदाणे, मोसंबीची साल, चिंचेचं बुटुक. परभणीचे एक काका एका नॅचरल कॉफीला ‘पिकल्या बोराचा वास’ म्हणाले आणि त्याहून नेमकं मला सुचलं नाही. आंबटपणाच्या बाबतीत एक कसोटी पुरते. तोंडाला पाणी सुटलं तर तो फळाचा चांगला आंबटपणा. दात आंबले तर अर्क कमी निघालाय. पुढच्या खेपेला थोडं बारीक दळा किंवा अर्धं-एक मिनिट जास्त ठेवा. कडू आणि तुरट यांतही गल्लत नको. थोडा कडवटपणा कॉफीला हवाच. जीभ कच्चं केळ खाल्ल्यासारखी ओढली गेली तर दळण बारीक झालंय, किंवा फार वेळ ठेवली आहे.

रोज प्यायला फ्रेंच प्रेस घ्या, म्हणजे दांड्याच्या जाळीने चोथा खाली दाबायचं भांडं. १५ ग्रॅम जाड दळलेली कॉफी, २४० मिलिलिटर पाणी, चार मिनिटं, मग दांडा सावकाश दाबायचा. चुकायला फारसं काही नाही. ६०० रुपयांच्या पाकिटात असे १६ कप होतात, म्हणजे कपाला ३८ रुपये. प्रेस नसेल तर हेच माप पातेल्यात करा, फक्त गॅस बंद केल्यावर कॉफी घाला, झाका, आणि चार मिनिटांनी सुती कापडातून गाळा.

दुधाचं. दूध घालणं पाप नाही, पण तुमच्या उडप्याशी ही कॉफी भांडू शकत नाही. त्याची कॉफी दुधासाठीच बांधलेली असते: गडद भाजणी, रोबस्टाचा मोठा वाटा आणि चिकोरी, म्हणजे भाजून दळलेलं एक मूळ. कायद्याने कॉफी-चिकोरी मिश्रणात निम्म्याहून जरा जास्त, म्हणजे ५१ टक्के कॉफी असली तरी चालते. चिकोरीने रंग आणि जाडी येते आणि ती दुधालाही पुरून उरते. हलक्या भाजणीची वॉश्ड अरेबिका दुधात विरघळून जाते. दुधाचीच हौस असेल तर मॉन्सून्ड मलबार घ्या, किंवा ‘कापी रॉयल’ या नावाने मिळणारा निवडक वॉश्ड रोबस्टा. स्टीलच्या फिल्टरमध्ये घट्ट डिकॉक्शन, म्हणजे अर्क, काढा आणि चिकोरी न घालता पिऊन बघा. रोबस्टा म्हणजे हलकी जात, असं बोलायची पद्धत आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करा. साखरेचं म्हणाल तर सुरुवातीला अर्धा चमचा घाला, हळूहळू आपोआप सुटेल. नाही सुटली तरी कुणी विचारायला येत नाही.

आता तुमच्या उरलेल्या पाकिटाचं. मिक्सरमधून काढलेली कॉफी गरम करून काही साधणार नाही, ती गार पाण्यात घाला. ६० ग्रॅम कॉफी, ७२० मिलिलिटर बोअर-आरओ मिसळलेलं पाणी, काचेच्या बरणीत ढवळून झाकण लावून फ्रीजमध्ये. रात्री जेवणं झाल्यावर ठेवा, दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आधी चहाच्या गाळणीतून आणि मग दुहेरी सुती कापडातून गाळा. कापड पिळू नका, भुगा खाली उतरतो. गार पाणी कडवटपणा फारसा ओढत नाही, त्यामुळे मिक्सरचा दोष बराच झाकला जातो. तीन-चार दिवस टिकते. तशीच प्या, किंवा निम्मं पाणी घालून. पुढचं पाकीट १२५ ग्रॅमचं मिळालं तर तेच घ्या, भाजल्याची तारीख विचारून, वॉश्ड, मध्यम भाजणीचं, ‘फ्रेंच प्रेससाठी दळून’ असं सांगून.